क्रमांक चौदामधल्या भांडणाचा दाखला

ताम्पेरे, १४ मे

ती. स्व. कुमुदआत्यास,

वैजूचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलाय असं समज. टेबलाखाली यदुनाथने कांदे पसरून ठेवलेत, प्रत्यक्ष वाकायला जागा नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली देवघरात नुसती उभी आहे? मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू म्हणालीस, ती दिवाळी कुठली ते मात्र लिहिलं नाहीस. इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फक्त जगायची हौस थोडी कमी झालीय.

तुझं एप्रिलचं पत्र पोचलं. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला फोन करू नये, तिला कागदच लागतो, हे मी केव्हाच मान्य केलंय. पत्राच्या शेवटी नेहमीचा प्रश्न होताच : जावईबापू कामाला लागले का? नाही लागले, आत्या. ऑगस्टात त्याच्या इथे राहायच्या परवान्याचा अर्ज दिला, आता मे चालू आहे. नऊ महिन्यांत आख्खा माणूस तयार होऊन बाहेर येतो, इथे एक कागद येत नाही. मी या गावात अकरा वर्षं लिफ्टचे नकाशे काढतेय, बर्फात सायकल चालवतेय, कर भरतेय, मला आजवर कुणी काही विचारलं नाही. नवरा आणला म्हटल्याबरोबर सगळ्यांना माझ्याबद्दल एकदम जिज्ञासा उत्पन्न झाली. परवाना हातात पडेपर्यंत यदुनाथने काम करायचं नाही. पगाराचं तर नाहीच, फुकटचंही नाही. ज्या माणसाने मिरजेत वीस वर्षं पेट्या दुरुस्त केल्या, त्याने इथे हाताची घडी घालून बसायचं.

आणि काम नाही असंही नाही, हेच तर दुखणं आहे. इथे तौनो म्हणून शहात्तर वर्षांचे गृहस्थ आहेत, ते अकॉर्डियन दुरुस्त करतात. अकॉर्डियन म्हणजे काय, पोटाशी बांधून वाजवायची पेटीच. भाता तोच, आतले पितळी सूरही तेच. त्यांना मूलबाळ नाही. येत्या जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला ते दुकान बंद करून तळ्याकाठच्या झोपडीत कायमचे राहायला जाणार आहेत. त्या दिवशी यदुनाथ परवाना घेऊन उभा असेल तर किल्ली त्याच्या हातात, नाहीतर अवजारं भंगारात. माणूस देवासारखा आहे, पण इथल्या माणसांसारखाच भयंकर खरा आहे. यदुनाथ पहिल्यांदा दुकानात गेला तेव्हा त्यांनी आधी परवान्याच्या कचेरीत फोन करून विचारलं, की याने पेचकस हातात धरला तर ते काम होईल का? होईल, असं उत्तर आलं. तेव्हापासून पेचकस वरच्या फळीवर असतो. यदुनाथ मंगळवारी आणि गुरुवारी जातो, स्टुलावर बसतो, कॉफी पितो. तौनो भाता ओढतात, हा म्हणतो, “डावीकडून तिसरा सूर चढलाय.” ते उघडून बघतात तर खरंच चढलेला असतो. दोन महिने असं चाललं आणि तौनोंना अपराधी वाटायला लागलं. त्यांनी पुन्हा फोन केला : ऐकणं हे काम धरतात का? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, पण आमच्या फायलीत एक पान वाढलं.

उरलेले पाच दिवस हा घरी असतो. कामसू माणसाला काम करायची बंदी घालून घरात ठेवला तर काय होतं ते मी सोसतेय. त्याने बिजागऱ्यांना तेल घातलं. सुऱ्यांना धार लावली (माझी दोन बोटं गेली असती). पडदे उसवून सरळ शिवले. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, मग मी ओरडले म्हणून तिखटपणाप्रमाणे लावले. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाला कांद्याची फोडणी देऊन तो माझ्या ऑफिसच्या डब्यात घालतो, आणि माझ्या टेबलाच्या आसपासची माणसं तेवढ्या वेळापुरती उठून जातात. संध्याकाळी घरी यावं तर रोज एक तरी वस्तू तिच्या जागेवर नसते, आणि ती आधीपेक्षा चांगल्या जागी असते. त्याचाच संताप येतो! ठिकाण चुकलं असतं तर निदान बोलायला तोंड होतं.

हे सगळं तुला नवं नाही. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला मी तुला लिहितेच आहे, आणि खाली “वाचून जाळ” असं लिहून दोन रेघा मारते. (फेब्रुवारीतल्या पत्राबद्दल आज काही बोलत नाही. ते तुझ्या लक्षात असेलच.) ही सगळी पत्रं पोस्टात टाकतो तोच. वजन करणं, तिकीट लावणं, पाकीट चिकटवणं, कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपर्यंत चालत जाणं, यातलं काहीच काम धरत नसल्यामुळे तो ते अगदी मन लावून करतो. दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतला मात्र तो नव्हे. तुझ्या पारखीतली एवढी गोष्ट मला मान्य आहे.

आता मुख्य हकीकत. मार्चमध्ये आम्हाला कचेरीत बोलावलं. लग्न खरं आहे की परवान्यापुरतं, ते तपासायला. दोघांना दोन खोल्यांत बसवलं आणि तिथल्या एका बाईंनी तेच प्रश्न आधी त्याला, मग मला विचारले. (उत्तरांची प्रत नंतर घरी आली, म्हणून मला त्याची कळली.) पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, कचरा कोण टाकतं, असलं सगळं. नवरा सकाळी काय करतो, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, विशेष काही नाही. त्याने अकरा गोष्टी सांगितल्या : कॉफी, पावाला लोणी, पडदा सारणं, तिचे बूट घर तापवणाऱ्या रेडिएटरपाशी ठेवणं, बस वेळेवर आहे का बघणं, आणखीही काय काय. त्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं असेल ते मला तोंडावर दिसलं. इथवर ठीक होतं. शेवटचा प्रश्न होता : तुमचं शेवटचं भांडण कधी झालं आणि कशावरून?

आत्या, ह्याला जबाबदार तू. अक्षता पडल्यावर आम्हा दोघांना कोपऱ्यात घेऊन तू काय बजावलं होतंस? घरातलं भांडण उंबऱ्याच्या बाहेर काढायचं नाही, परक्यासमोर तर मुळीच नाही. तुझा शब्द आम्ही दोघांनी, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, तंतोतंत पाळला. मी म्हटलं, आमचं भांडण कधी झालंच नाही. त्यानेही म्हटलं, कधीच नाही. वर म्हणाला, ती फार शांत आहे. (मी!) माझं उत्तर ऐकून बाईंचं पेन थांबलं. त्यांनी ते शब्द लिहून त्यांच्याखाली रेघ मारली. जे नवराबायको भांडत नाहीत ते नवराबायकोच नाहीत, असा त्यांचा अनुभव असावा. नाहीतरी तो काही चुकीचा नाही.

मग त्यांनी शेजाऱ्याचा जबाब मागवला. आमच्या समोरच्या दारात हौताला नावाचे म्हातारे एकटे राहतात. मजल्यावरचं तिसरं घर रिकामं आहे. अकरा वर्षांत मी हौतालांना तीनदा पाहिलंय, त्यातलं एकदा पाठमोरं. इथे घराबाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघतात; जिन्यात कुणी असलं तर ते जाईपर्यंत आत मुकाट उभे राहतात. समोरच्यावर बोलायची पाळी येऊ द्यायची नाही, हाच शेजारधर्म. यदुनाथ आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने जिन्यात एका बाईंना विचारलं, जेवण झालं का? त्या घाबरून मधल्याच मजल्यावर वळल्या आणि लिफ्टने गेल्या. मग मी त्याला शिकवायला बसले. आधी भोकातून बघ, कान दे, मग कडी काढ. घरात लोकरीचे मोजे घाल. दार आपटू नकोस. पेटी वाजवायची तर कपाटात, वर दुलई टाकून. मिरजेत आख्ख्या गल्लीशी गप्पा मारत पाणी भरणारा माणूस, पण शिकला तो इतकं अप्रतिम शिकला की मी अभिमानाने तुला लिहिलंसुद्धा होतं. हौतालांचा जबाब असा आला : “क्रमांक चौदामध्ये एक स्त्री राहते. पुरुष मी पाहिलेला नाही. पुरुषाचा आवाज ऐकलेला नाही. शेजार उत्तम आहे.”

म्हणजे बघ, माझ्याच हाताने मी माझा नवरा पुसून टाकला. कचेरीचं पत्र आलं : ऑगस्टपासून तुम्ही एका घरात राहता याचा पुरावा दहा जूनच्या आत द्या. नाही दिला तर अर्ज नामंजूर, आणि पुढच्या तीस दिवसांत अर्जदाराने देश सोडायचा. ते पत्र यदुनाथने दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाला, “मग ऐकवू या की त्यांना एकदा.”

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही भांडायचं ठरवलं. (रात्री दहानंतर आवाज करायला बंदी आहे, आणि पुरावा तरी कायद्यात बसणारा हवा.) दारं इथली दुहेरी, भिंती जाड, म्हणून आतलं दार उघडं टाकलं आणि बाहेरच्या दाराला टपाल टाकायची जी फट असते तिच्यात लाटणं अडकवून ती उघडी ठेवली. विषय ठरला आमटीतलं मीठ. मी सुरुवात केली, तर हा फटीशी तोंड नेऊन, “मीठ बरोबर आहे!” असं म्हणाला, आणि मला हसू फुटलं. तो म्हणाला, “हसू नकोस, नीट भांड.” मी म्हटलं, “मग तू नीट चिडून दाखव.” दोनतीनदा प्रयत्न केला, दरवेळी हसू. शेवटी मी बोलून गेले, “नऊ महिने नुसता बसून आहेस, भांडायला तरी शिकायचंस.”

चेष्टेत म्हणाले मी, आत्या. खरंच चेष्टेत. पण त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. म्हणाला, “बसून आहे? मिरजेत माझ्या हाताखाली दोन माणसं होती. तौनोंच्या दुकानात पेचकसाला हात लावायचा नाही, इथं घरात डब्याला हात लावायचा नाही. मग मी हात कशाला लावू, तेवढं सांग.” आता तिथे मी गप्प बसायचं की नाही? पण मी आपल्या घराण्यातली. मी म्हटलं, मी नव्हतं बोलावलं तुला, आत्याने गळ्यात बांधलं. तो म्हणाला, मग सोडव गाठ. त्यानंतर आम्ही काय काय बोललो ते लिहीत नाही. डब्यांपासून निघालो ते लग्नातल्या मानपानापर्यंत पोचलो. मग तो उठला, कपाटातून पेटी काढली, दुलई बाजूला फेकली, आणि भर खोलीत बसून वाजवायला लागला. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. इतकं चांगलं वाजवतो हा, आणि नऊ महिने मी ते दुलईखाली घातलं होतं. लाटणं फटीत अडकवल्याचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

सोमवारी सकाळी खालच्या फलकावर एक कागद टाचलेला दिसला : “शनिवारी चार ते पाच चाळीस या वेळात क्रमांक चौदामध्ये एक पुरुष आणि एक स्त्री परक्या भाषेत भांडत होते. हे त्रासदायक आहे. नंतर एक वाद्य वाजले. वाद्याबद्दल तक्रार नाही.” आत्या, दहावीच्या निकालालाही मी इतकी नाचले नव्हते. एक पुरुष! एक स्त्री! तारीख, वेळ, घराचा नंबर! कागद काढला, फोटो कचेरीत पाठवला. मंगळवारी उत्तर आलं : निनावी कागद धरता येत नाही. (इथे तक्रारीखाली सही करायची रीत नाही, सही केली तर उद्या जिन्यात ओळख द्यावी लागेल.)

काल संध्याकाळी मी हौतालांची घंटा वाजवली. आत पावलं वाजली, भोकात अंधार झाला, आणि मग काहीच नाही. मी जिन्यातून जाण्याची ते वाट बघत असणार. मी गेले नाही. तो कागद भोकासमोर धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने दार चारेक बोटं उघडलं आणि आतून म्हातारे घाईघाईने म्हणाले, “वाद्याबद्दल तक्रार नाही असं मी लिहिलंय.” मी म्हटलं, “हो. सही करा.” ते म्हणाले, “तक्रार मागे घेतो मी.” मी ओरडलेच, “अहो, मागे घेऊ नका, तुमच्या पाया पडते!” मग त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मी बाहीने डोळे पुसले आणि त्यांना कुठे बघावं कळेना, बिचारे पायपुसण्याकडे बघत राहिले. नंतर आत जाऊन चष्मा घेऊन आले. पाच चाळीसचं खोडून पाच अडतीस केलं, आणि सही केली. म्हणाले, “जबाबात मी खरं तेच लिहिलं होतं.” मी म्हटलं, माहीत आहे. दार लावता लावता थांबले. “शनिवारनंतर काही ऐकू येत नाही. गेले का ते?” मी म्हटलं, “नाही, आहेत. बोलत नाहीत.” त्यांचा जीव भांड्यात पडला. “हां, मग ठीक आहे. न बोलणं चालतं.”

तर अशी परिस्थिती आहे. सही मिळाली, पण ती एका शनिवारची, आणि बाईंना हवेत नऊ महिने. तौनो रोज कॅलेंडर बघतात. नवरा चार दिवस माझ्याशी बोललेला नाही, कॉफी मात्र टेबलावर असते. मला काही सुचत नाही. बाकी सर्व क्षेम. मामांच्या फोटोला माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
वैजू

ता. क. मेतकूट संपलंय. पण ते महत्त्वाचं नाही.

ता. क. दुसरा. खरं काम आता लिहिते. ऑक्टोबरपासून मी तुला लिहिलेली पत्रं मला हवीत, सगळी, पाकिटांसकट. जाळ म्हणून मी दोन रेघा मारल्या असल्या तरी तू जाळली नसणार. टपालाचा शिक्का पडलेला कागद तू या जन्मात जाळायची नाहीस, आणि माझं तर तू कधीच ऐकलेलं नाहीस. त्यांत हा माणूस माझ्या घरात तारीखवार आहे : बिजागऱ्या, पडदे, डबे, सगळी भांडणं. आम्ही मुलाखतीत खोटं बोललो हेही त्यातून कळेल, कळू दे. लगेच स्पीड पोस्टने पाठव, तुला काय सांगायचं त्यातलं.

ता. क. तिसरा. फेब्रुवारीचं पत्र तेवढं पाठवू नकोस. ते खरोखर जाळ, आत्या, ह्या वेळी ऐक माझं. फायलीची प्रत अर्जदाराला मिळते, म्हणजे त्याला. त्याला परत पाठवायचं तिकीट मी बघून ठेवलंय, हे त्याने माझ्या अक्षरात वाचलं तर परवाना येऊन तरी काय करायचंय?

आत्याबाईंना यदुनाथचा सा. न. वि. वि.

वैजू कामावर गेली, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आहे. फेब्रुवारीचं पत्र जाळू नये, बाकीच्यांबरोबर तेही पाठवावं. मी ते तेव्हाच वाचलं. वजन जास्त भरत होतं, एखादं पान कमी करता येईल का बघायला उघडलं होतं. तिकिटाचं तिसऱ्या पानावर आहे. पण चौथ्या पानावर तिने लिहिलंय की रोज सकाळी बुटात पाय घातला की तो गरम असतो, आणि मग दिवसभर मनासारखं रागावता येत नाही. तिसरं पान काढून टाकणार होतो, पण दोन्ही एकाच कागदाच्या पाठपोट निघाली. म्हणून एक तिकीट जादा लावून तसंच पाठवलं, आणि मी राहिलो. हे तिला कळवू नये.

आता मे आहे, बुटांचे दिवस संपले. शनिवारपासून मी बोलत नाही, तरी सकाळी तिचे साधे जोडे तिथंच ठेवतो. रेडिएटर बंद असतो.